मीटर लावा, मग कॅमेरा बदला: सीसीटीव्हीच्या कामाची पहिली पावलं

पुण्यात धायरीतल्या एका सोसायटीच्या गेटवरचा कॅमेरा रोज संध्याकाळी सात-सव्वासातला बंद पडायचा आणि सकाळी उजाडलं की आपोआप सुरू व्हायचा. मी तेव्हा या कामात नवा होतो. पहिल्या आठवड्यात कॅमेरा बदलला. पुढच्या आठवड्यात तो बदललेलाही बदलला. वॉचमन काका म्हणाले, "दादा, दिवसा सगळं स्वच्छ दिसतं, अंधार पडला की हा डोळे मिटतो." काकांनी दुखणं नेमकं सांगितलं होतं, पण मी कॅमेऱ्याकडेच बघत बसलो होतो. तिसऱ्यांदा गेलो तो रात्री, मल्टिमीटर घेऊन. कॅमेऱ्याच्या पिनेवर १२ व्होल्टऐवजी जेमतेम ८ व्होल्ट येत होते. तिन्ही कॅमेरे ठणठणीत होते. तार बारीक होती आणि अंतर लांब होतं.

त्यानंतर जितके बिघाड पाहिले, त्यातले फार थोडे कॅमेऱ्यात निघाले. बाकीचे वायरीच्या टोकांत, जोडांत आणि विजेच्या पुरवठ्यात. म्हणून आयटीआय करून किंवा इलेक्ट्रिशियनच्या हाताखालून या कामात येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी सांगतो, की कॅमेरा भिंतीला लावणं हा कामाचा सोपा भाग आहे. पैसे आपल्याला वायरीचे मिळतात.

आधी दोन जाती ओळखा

पहिली जात एचडी अ‍ॅनालॉग. कॅमेऱ्यापासून डीव्हीआरपर्यंत (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यापर्यंत) कोअ‍ॅक्सिअल केबल जाते आणि वीज वेगळ्या तारांतून जाते. आपल्याकडे यासाठी 'थ्री प्लस वन' केबल सर्रास वापरतात: एक कोअ‍ॅक्स आणि तिच्यासोबत विजेच्या तीन बारीक तारा. बंडल बहुधा ९० मीटरचं. दुसरी जात आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारी. तिथे कॅट सिक्स ही नेटवर्क केबल, त्या केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच आणि रेकॉर्डिंगसाठी एनव्हीआर. चित्र आणि वीज एकाच केबलमधून जातात.

चार कॅमेऱ्यांचं घर किंवा दुकान असेल, जुनी केबल आधीच ओढलेली असेल, तर अ‍ॅनालॉग बरं. नवी इमारत, कॅमेरे जास्त, किंवा भोसरी-चाकणकडची कारखान्याची मोठी शेड असेल तर आयपीच. पण शिकायला अ‍ॅनालॉगपासून सुरुवात करा. त्यात वीज आणि चित्र वेगवेगळ्या तारांत असल्याने बिघाड कुठल्या बाजूचा ते डोळ्यांना दिसतं. ही समज एकदा बसली की आयपीची गुंतागुंत जड जात नाही.

सामानासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. तिथे सकाळी जा, गर्दी वाढली की दुकानदाराला बोलायला वेळ नसतो. कॅमेऱ्याच्या ब्रँडवरून घासाघीस करण्याऐवजी केबलबाबत हट्ट धरा. स्वस्त केबलमधली तार बऱ्याचदा निव्वळ तांब्याची नसते, आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चमक दिसली तर ती केबल ठेवून द्या. अशा तारेचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि वाकवली की ती लवकर तुटते. कॅमेरा घेताना पक्कं बिल घ्या. एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक आहेत, तेव्हा ते मॉडेल प्रमाणित आहे ना, हे दुकानदाराला विचारा.

हत्यारांत हॅमर ड्रिल, चांगली शिडी, स्ट्रिपर, आरजे ४५ चं (कॅट सिक्सच्या टोकाच्या प्लगचं) क्रिम्पिंग टूल, लॅन टेस्टर, पाइपातून वायर ओढायची स्प्रिंग आणि लाइन टेस्टर एवढं पुरे. मल्टिमीटर मात्र स्वतःचा घ्या, दुसऱ्याचा मागून काम करू नका.

जागा बघताना

गिऱ्हाईक म्हणतं, "एका कॅमेऱ्यात सगळं दिसलं पाहिजे." इथे शांतपणे हिशेब समजवावा लागतो. चेहरा ओळखता यावा असं वाटत असेल तर दर मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद. म्हणजे चेहरा ओळखायचा तर चित्रात साडेसात-पावणेआठ मीटरपेक्षा जास्त रुंदी येता कामा नये. २.८ मिमी लेन्स साधारण १०० अंशांच्या पुढे बघते, त्यामुळे ही मर्यादा तीन मीटरवरच संपते. त्यापलीकडे माणूस दिसतो, पण तो कोण हे सांगता येत नाही. ६ मिमी लेन्सने हेच अंतर सात मीटरच्या आसपास जातं, मात्र आजूबाजूचं सुटतं.

म्हणून पार्किंगला २.८ आणि गेटच्या तोंडावर ६ मिमी, असं मिश्र ठेवा. उंची अडीच ते तीन मीटर. त्याहून वर लावला तर टोपी आणि टक्कल दिसतं, चेहरा दिसत नाही. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड करू नका. ट्यूबलाइटच्या शेजारी लावू नका, किडे येतात, किड्यांमागे पाली येतात, कोळी येतो. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यात एक साधं जाळं पांढरंशुभ्र चमकतं आणि सगळं चित्र धुवून टाकतं. "रात्री धुकं दिसतं" अशी तक्रार आली तर आधी झाडू घेऊन जा.

भिंतीचाही विचार हवा. कसबा, शनिवार, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही, भुगा होऊन बाहेर येतो. तिथे लाकडी तुळई किंवा खांब शोधा आणि मालकाला विचारून लाकडी स्क्रूने बसवा. खालच्या काळ्या दगडाच्या जोत्यात ड्रिल मारण्यात वेळ आणि बिट दोन्ही जातात.

केबल ओढणं

कामाच्या आधी कागदावर नकाशा काढा, अंतरं टेपने मोजा, वर दहा टक्के धरा. मग ही शिस्त पाळा.

घरगुती विजेच्या लाइनपासून केबल किमान एक फूट लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. सोसायटीच्या डक्टमध्ये उंदीर-घुशी असतात, तिथे उघडी केबल सोडू नका, पीव्हीसी किंवा फ्लेक्झिबल पाइप घाला. दोन्ही टोकांना एकच नंबर टाका, आणि तो ओढण्याआधी टाका. सोळा केबल डीव्हीआरपाशी एकत्र लोंबकळायला लागल्यावर कुठली कुठली हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

वायर मध्ये जोडू नका. अगदीच जोडावी लागली तर बॉक्समध्ये जोडा, आणि तो बॉक्स शिडी लावून हात पोचेल अशा जागी ठेवा. पीओपीच्या छतात बंद केलेला जोड म्हणजे पुढच्या माणसाला छत फोडायला लावणं.

बाहेरच्या प्रत्येक कॅमेऱ्यामागे एक पीव्हीसी बॉक्स हवाच, आणि त्यात केबल खालून शिरली पाहिजे. शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकेल. हा झोळ न दिल्यामुळे जून-जुलैत किती कॅमेरे जातात! पुण्याचा पाऊस मुंबईसारखा धो धो नसेल, पण इथली रिपरिप दिवसचे दिवस चालते आणि दमट हवेत तांब्याच्या जोडावर हिरवा थर चढतो.

दोन इमारतींमध्ये गच्चीवरून गच्चीवर तांब्याची केबल टाकू नका. एप्रिल-मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात जवळपास वीज कडाडली की अशा लांब केबलमध्ये झटका येतो आणि स्विचचे पोर्ट जळतात. तिथे काचेच्या धाग्याची फायबर केबल टाका आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) लावा. काचेतून वीज वाहत नाही.

टोकं

इथे घाई केली की सहा महिन्यांनी फोन येतो.

स्क्रूच्या बीएनसी पिनेसाठी (चित्राच्या केबलच्या टोकाला बसते ती) कोअ‍ॅक्सचं वरचं आवरण साधारण एक सेंटिमीटर सोला. आतल्या जाळीच्या बारीक तारा नखाने मोकळ्या करा आणि सगळ्या मागे वळवून पिळा. मग आतलं पांढरं आवरण अर्धा सेंटिमीटर काढा, मधल्या तारेला ब्लेडची चीर पडू देऊ नका, नाहीतर तिथेच ती तुटते. मधली तार पिनेत, जाळी बॉडीला. आता पिन उजेडाकडे धरून आत बघा. जाळीचा केसाएवढा एक धागा मधल्या तारेला टेकला तरी चॅनलवर 'व्हिडिओ लॉस', म्हणजे चित्र नाही, असं येतं. तो धागा डोळ्याला दिसत नसेल तर मीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर) ठेवा: दोन्ही टोकं मोकळी असताना मधली तार आणि जाळी यांमध्ये बीप वाजता कामा नये. मग दुसऱ्या टोकाला दोन्ही मुद्दाम टेकवा, बीप वाजला पाहिजे. दोन्ही उत्तरं बरोबर आली की केबल पास.

केबलवर ७५ ओहम छापलेलं बघून नवी मुलं ते मीटरवर शोधतात. तो आकडा वेगाने बदलणाऱ्या सिग्नलसाठी असतो, साध्या मीटरवर तो दिसत नाही, म्हणून गोंधळू नका.

आयपीसाठी आरजे ४५ चा क्रम पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. काही जण रंग ओळीने, जोडी-जोडीने लावतात. लॅन टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण तीन आणि सहा नंबरच्या तारा वेगवेगळ्या जोड्यांतल्या होतात आणि लांब अंतरावर कॅमेरा मधूनमधून तुटतो. टेस्टर फक्त तार सलग आहे एवढंच सांगतो. केबलची मर्यादा १०० मीटर, त्यात दोन्हीकडच्या छोट्या पॅच कॉर्डही आल्या.

वीज: धायरीच्या गेटवर काय घडत होतं

चार कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा डबा), आठांना १० अँपिअर, सोळांना २०, असा बाजारातला हिशेब आहे आणि तो ठीक आहे. पण तो फक्त एसएमपीएसची ताकद सांगतो, ती ताकद कॅमेऱ्यापर्यंत पोचते का हे सांगत नाही.

थ्री प्लस वनमधली विजेची तार साधारण २४ गेजची धरा. तांब्याच्या अशा तारेचा रोध १०० मीटरला सुमारे ८.४ ओहम. गेट ६० मीटरवर होतं. वीज जाते आणि परत येते, म्हणजे १२० मीटर तार, म्हणजे जवळपास १० ओहम. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपिअर खातो. ०.१५ गुणिले १०, दीड व्होल्ट वाटेत गेले, साडेदहा पोचले, कॅमेरा चालू. अंधार पडला, इन्फ्रारेड दिवे लागले, खप ०.४ अँपिअर झाला. आता ४ व्होल्ट वाटेतच संपले. कॅमेऱ्याला उरले ८. तो बंद.

दिवसा मीटर लावला असता तरी मला हे सापडलं नसतं. कारण तेव्हा मी डीसी पिन (विजेची पिन) कॅमेऱ्यातून काढून मोकळ्या टोकावरच मोजलं असतं. प्रवाहच वाहत नसेल तर तारेत व्होल्टेज पडत नाही, मोकळ्या पिनेवर पूर्ण १२ दिसतात. म्हणून नेहमी कॅमेरा जोडलेला ठेवून मोजा. एका डीसी पिनेला मीटर लावण्यापुरत्या दोन उघड्या तारा काढून चाचणीची जोडणी बनवा, ती पिशवीत कायम असू द्या. आणि रात्रीची वाट बघायची गरज नाही: कॅमेऱ्याच्या तोंडावर तळहात घट्ट धरा, काही सेकंदांत आतला 'टक' असा आवाज येतो, दिवे लालसर दिसतात आणि मीटरवरचा आकडा खाली घसरतो. ११ च्या आसपास थांबला तर उत्तम. १०.५ च्या खाली गेला तर काम अर्धवट आहे असं समजा.

धायरीत मी गेटसाठी ०.७५ चौरस मिमीची दोन कोअरची वेगळी वायर ओढली. दिवे लागलेले असताना १०.८ व्होल्ट मिळाले. तो कॅमेरा पुढे चालत राहिला. वेगळी वायर ओढता येत नसेल तर थ्री प्लस वनमधली रिकामी तिसरी तार निगेटिव्हला जोडून घ्या, एकूण रोध पावपटीने कमी होतो. किंवा वॉचमनच्या केबिनमध्ये प्लग असेल तर तिथेच १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर द्या.

एक उपाय मात्र करू नका. एसएमपीएसवर व्होल्टेज वाढवायचा छोटा स्क्रू असतो, तो फिरवून काही जण १३.५ पर्यंत नेतात. लांबचा कॅमेरा सुरू होतो, पण त्याच एसएमपीएसवरच्या जवळच्या कॅमेऱ्यांना जास्तीचं व्होल्टेज बसतं.

एसएमपीएसच्या एका बाजूला १२ व्होल्ट आणि बोटभर अंतरावर २३० व्होल्टचे उघडे स्क्रू असतात. एमसीबी खाली केल्याशिवाय, टेस्टरने बघितल्याशिवाय तिथे हात घालू नका. अर्थिंगची तार जोडाच. नुसता फेज-न्यूट्रल देऊन निघून जाणारे खूप आहेत, तुम्ही त्यांतले होऊ नका.

बिघाड शोधताना

पहिला प्रश्न: एकच कॅमेरा गेला की सगळे? सगळे गेले तर शिडी काढूच नका, एसएमपीएस, त्याचा फ्यूज किंवा डीव्हीआरपाशीच उत्तर आहे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाऊन आली आणि त्यानंतर डीव्हीआर सारखा बीप करतोय, तर हार्ड डिस्क बघा.

एकच गेला असेल तर त्याची बीएनसी डीव्हीआरच्या दुसऱ्या, चालू चॅनलला लावा. तिथे दिसला तर डीव्हीआरचा पोर्ट गेलाय. तिथेही नाही दिसला तर कॅमेरा काढून डीव्हीआरजवळ आणा आणि छोट्या केबलने जोडा. इथे चालला तर कॅमेरा निर्दोष, दोष वाटेत. मग वर सांगितल्याप्रमाणे व्होल्टेज, मग बीपची चाचणी, मग मधले जोड.

चित्र येतंय पण आडवे पट्टे संथ वर सरकत आहेत, तर ग्राउंड लूपचा संशय घ्या. लोखंडी गेटवर किंवा शेडच्या अँगलवर कॅमेऱ्याची धातूची बॉडी टेकली आणि त्या टोकाची अर्थ डीव्हीआरच्या अर्थपेक्षा वेगळी असली की जाळीतून नको तो प्रवाह वाहतो. वर सांगितलेला केबिनमधला अ‍ॅडॉप्टर देताना हा त्रास उपटू शकतो. कॅमेऱ्याचे स्क्रू काढून तो हातात अधांतरी धरा. पट्टे गेले तर रोग कळला. मध्ये पीव्हीसी बॉक्स देऊन कॅमेरा लोखंडापासून तोडा, नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. अर्थिंगची तार कापून पट्टे घालवायचा मोह टाळा, ती तार जीव वाचवण्यासाठी आहे.

चित्रावर मुंग्या किंवा रंग उडालेला असेल तर बीएनसी सैल आहे किंवा जाळी गंजली आहे. टोक कापून नवीन बांधा, जुन्यालाच टेप गुंडाळू नका.

आयपीमध्ये स्विचवरचा दिवा आधी बघा. दिवा नाही तर केबल किंवा पीओई. दिवा आहे पण चित्र नाही तर बहुधा पत्त्यांची टक्कर: नवे कॅमेरे डब्यातून एकच आयपी पत्ता घेऊन येतात. सगळे एकदम जोडू नका. एकेक जोडा, पत्ता बदला, मग पुढचा. रात्रीच काही कॅमेरे तुटत असतील तर स्विचची एकूण वॅटची मर्यादा तपासा. धायरीचीच गोष्ट, फक्त वेगळ्या केबलमध्ये.

सोपवताना

हार्ड डिस्कचा हिशेब गिऱ्हाइकासमोर करा. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस ठेवलं तर दिवसाला २१.६ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना ८६ जीबीच्या वर, म्हणजे १ टीबीची डिस्क साधारण अकरा दिवस पुरते. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं तर ४ टीबी. तोंडी "महिना जाईल" म्हणू नका.

तारीख-वेळ बरोबर लावा. पोलिसांनी फुटेज मागितलं आणि घड्याळ चाळीस मिनिटं मागे असेल तर त्या फुटेजवर प्रश्न उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे फुटेज कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागतं, हे सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून ठेवा. पासवर्ड मालकाच्या हाताने टाकायला लावा, तुमच्या फोनमधलं त्यांचं अ‍ॅप त्यांच्यासमोर काढून टाका. शेजाऱ्याचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तो भाग झाका, नसता वाद टळतो.

शेवटी प्रत्येक बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तीन गोष्टी लिहा: केबलचा नंबर, तारीख आणि दिवे लागलेले असताना मिळालेलं व्होल्टेज. दोन वर्षांनी तक्रार आली, झाकण उघडलं, आत लिहिलंय ११.१ आणि मीटर दाखवतोय ९.४, तर जोड कुठेतरी गंजलाय हे शिडीवर उभं असतानाच कळतं.